रुक्मिणीचे वऱ्हाडी

दिवाळी सरते, तुळशीचे लग्न लागते आणि मग घरोघरच्या लग्नांची वाट मोकळी होते. तेव्हा फराळाचे ताट पुढे ओढून घेऊन वाचकांनी या दिवाळीत एका लग्नाचीच हकिकत ऐकावी, अशी माझी विनंती आहे. लग्न फार जुने आहे. नवरी आमच्या मुलखातली, विदर्भाच्या भीष्मक राजाची लेक. माहेर कुंडिनपूर, म्हणजे वर्धेच्या काठचे, अमरावती जिल्ह्यातले आजचे कौंडण्यपूर. त्याच वर्धेचे पाणी पुढे आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहत जाते. लेकीचे सासर द्वारकेचे असले, तरी तिचे माहेर आम्ही अजून विसरलेलो नाही. दर वर्षी आषाढीला कौंडण्यपुराहून पालखी निघते आणि पंढरपूरला जाते. माहेरची माणसे लेकीला भेटायला जातात, तशी.

या लग्नाची कथा भागवताच्या दशम स्कंधात आली आहे आणि ती अवघ्या तीन अध्यायांची आहे. थोरला भाऊ रुक्मी बहिणीला चेदीच्या शिशुपालाला द्यायला निघतो, बहीण ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला पत्र धाडते, देवीच्या दर्शनाला म्हणून बाहेर पडते आणि देवळाच्या दारातून श्रीकृष्ण तिला रथात घेऊन जातो. रुक्मी पाठलाग करतो, हरतो, विद्रूप होऊन सुटतो आणि कृष्णाला जिंकल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, ही आपली प्रतिज्ञा पाळण्यासाठी भोजकट नावाचे नवे नगर वसवून तिथेच राहतो. एवढीच गोष्ट. पण मराठीत हे लग्न किती वेळा लागले, याची मोजदाद करायला बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत.

ही मोजदाद करायला मी का बसलो, ते आधी सांगितले पाहिजे.

मी खेड्यातल्या शाळेतला मास्तर. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, त्यामुळे गावात मला लेखक म्हणतात आणि मलाही ते गोड लागते. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने एक दोनशे पानी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. वही भरलेली होती आणि आणखी दोन घरी आहेत, असे तिने खाली मान घालून सांगितले. विषय रुक्मिणीहरणाचा, पण मुलीला कृष्णाचे काही पडलेले नव्हते. तिची सारी कथा कुंडिनपुरातच घडत होती. मुलगी निघून गेली, पाहुणे लढाईला धावले. मांडव तसाच उभा, पंगतीचे अन्न तसेच. ती मला म्हणाली, "सर, तिची माय काय करत असन हो त्या रात्री?"

वाचकहो, हा प्रश्न मला तीस वर्षांच्या लेखनात सुचला नव्हता. पण मी मास्तर पडलो. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "दुसऱ्याच्या गोष्टीवर कशाला हात मारतेस? स्वतःचे काही लिही." वही वाचतो म्हणून ठेवून घेतली, वाचली मात्र नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे कपाट रिकामे झाले, रद्दी गेली आणि त्या रद्दीत ती वहीही गेली. मुलीने कधी विचारले नाही. नंतर तिने लिहिलेले काही माझ्याकडे आणलेही नाही.

पुढे एका मोठ्या शहरात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला सांगितले की, आवडत्या कथेतली पात्रे घेऊन तिच्या पुढची, मागची, बाजूची कथा लिहिण्याला आता जगभर ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. लाखो शब्दांच्या अशा कथा मुले मोबाइलवर लिहितात, आणि एकमेकांना धीर देण्यासाठी, चुका दाखवण्यासाठी, अर्ध्यावर थांबलेल्याला पुढे ढकलण्यासाठी त्यांची मंडळे असतात. तो हे मोठ्या नवलाईने सांगत होता. मला मात्र ऐकता ऐकता रिद्धपूर आठवले.

*

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचा पोरका झालेला शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह रिद्धपुरी येऊन राहिला. त्या परिवारात महदंबा नावाची एक वृद्ध विधवा होती. फार चौकस बाई. एकसारखे काही ना काही विचारत राहण्याच्या तिच्या स्वभावाचे खुद्द चक्रधरांनी कौतुक केल्याचे महानुभाव ग्रंथ सांगतात.

एकदा गोविंदप्रभूंच्या मनात आले की आपले लग्न व्हावे. ते अवलिया पुरुष. त्यांच्या लहरीला नाही कोण म्हणणार? भक्तांनी लग्नाचा सोहळा मांडला. लग्न म्हटले की वराची गाणी हवीत. त्या गाण्यांना धवळे म्हणत. ती गाण्याचे काम महदंबेकडे आले. तिने तिथल्या तिथे रचून गायिले, आणि विषय घेतला तो आमच्याच रुक्मिणीच्या लग्नाचा. हे इ. स. १२८७ च्या सुमाराचे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण महदंबेचे नाव घेतो. म्हणजे मराठी बाईच्या नावावर असलेली पहिली काव्यरचना ‘दुसऱ्याच्या गोष्टीवर’ आहे! माझ्यासारखा एखादा मास्तर त्या दिवशी रिद्धपुरात असता, तर त्याने तिलाही स्वतःचे काही रचायला सांगितले असते.

त्या काळी देवगिरीला रामदेवराव यादवाचे राज्य होते. त्याच्या पदरी तीन कविबंधू होते. साल्याने रामायण, नृसिंहाने नलोपाख्यान आणि नरेंद्राने रुक्मिणीस्वयंवर रचल्याचे सांगतात. तिघांच्याही कथा उसन्या, रचना मात्र ज्याची त्याची. नरेंद्राचे काव्य ऐकून राजा इतका खूश झाला की, ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, पण हा ग्रंथ माझ्या नावावर कर, असे त्याने म्हटले. नरेंद्राने नकार दिला. असे केल्याने कविकुळाला बोल लागेल, असे त्याचे म्हणणे. परंपरा पुढे असेही सांगते की, राजाने पोथी ठेवून घेतली आणि भावांनी रातोरात आठवतील तेवढ्या ओव्या पुन्हा लिहून काढल्या. अभ्यासकांपुढे वर्षानुवर्षे राहिलेली प्रत सुमारे नऊशे ओव्यांची आहे, तिच्यामागे ही कथा आहे. पुढे नरेंद्र देवगिरी सोडून नागदेवाचार्यांकडे आला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कथा व्यासांची आहे, हे नरेंद्राला ठाऊक होते आणि ते लपवण्याचे त्याला कारण नव्हते. पण रचना आपली आहे, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक होते. आणि ती विकायला तो तयार नव्हता. उसनी कथा आणि उसने नाव यांतला फरक सातशे वर्षांपूर्वीच्या या कवीने सोन्याच्या ढिगासमोर उभे राहून सांगितला. वर्गात एका पोरीसमोर उभे राहून मला तो सांगता आला नाही.

*

देवगिरीच्या दरबारात नरेंद्राला धन मिळत होते. मग नागदेवाचार्यांच्या परिवारात असे काय होते, जे तिथे नव्हते? मला वाटते, तिथे सोबती होते. महानुभावांच्या ज्या सात काव्यांना साती ग्रंथ म्हणतात, त्यांपैकी रुक्मिणीस्वयंवर, शिशुपालवध, वछाहरण आणि उद्धवगीता ही चार काव्ये भागवतातल्या कथाभागांवर उभी आहेत. एकाच कथेच्या अंगणात इतकी माणसे इतक्या थोड्या काळात मांडव घालतात, तेव्हा त्यांच्यामागे ऐकणारे, टोकणारे आणि उतरून घेणारे एक सबंध गोत असते.

टोकणारे कसे होते, याची एक गोष्ट फार बोलकी आहे. भास्करभट्ट बोरीकर या विद्वान कवीने शिशुपालवध रचला. रुक्मिणीची कथा यातही आहेच. १०८७ ओव्यांचे हे काव्य त्याने आपल्या गुरुबंधूला दाखवले. त्याने ते वाचले, ग्रंथ चांगला झाल्याचे मान्य केले आणि मग सांगितले की, यात शृंगार फार झाला आहे; संसारातून निवृत्त झालेल्यांच्या कामाचा हा ग्रंथ नव्हे. भास्करभट्टाने पोथी फाडली नाही, की गुरुबंधूशी अबोला धरला नाही. तो पुन्हा बसला आणि भागवताच्याच एकादश स्कंधावर ८२७ ओव्यांची उद्धवगीता लिहिली. आज आपल्यापाशी दोन्ही ग्रंथ आहेत. गुरुबंधूने आधी पूर्ण वाचले होते, मग चांगले ते चांगले म्हटले होते आणि शेवटी उणे सांगितले होते. हा क्रम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

ऐकणारे कोण होते, तेही पाहा. केशोबास हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांना चक्रधरांच्या शिकवणीवर संस्कृतात लिहायचे होते. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. म्हणजे ग्रंथ लिहिण्याआधीच तो कोण ऐकणार, हे त्या मंडळींना ठाऊक होते. भिंतीला सांगावे तसे कोणी लिहीत नव्हते.

आणि उतरून घेणारे? म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून घेऊन आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून चक्रधरांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्यात हिराइसा या बाईचे पाठांतर मोठे मानतात. एक पोथी गेली, पण मंडळ जिवंत होते म्हणून ग्रंथ गेला नाही. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून जपले, ते पाचसहाशे वर्षे.

या लिप्यांचा उलगडा बाहेरच्या संशोधकांना झाला, तो विसाव्या शतकाच्या आरंभी. तेव्हा हे धन जगापुढे मांडणाऱ्यांत आमच्या यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे हे एक अग्रणी होते. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ सालचा. यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिने जुन्या पोथ्यांचे काम हाती घेतले. मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर, कापसाच्या पेठेत बसून या माणसांनी पोथ्या गोळा केल्या, वाचल्या आणि वाचवल्या. महानुभाव वाङ्मयाला पुढे आपले आयुष्य देणारे विष्णु भिकाजी कोलते हेही वऱ्हाडचेच, बुलढाणा जिल्ह्यातले. २०२४ साली रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा महदंबेच्या गावाला मराठीने उशिरा का होईना आहेर केला, असे मला वाटले.

*

रुक्मिणीचे लग्न रिद्धपुराशी संपले नाही. एकनाथांनी काशीत १५७१ साली रुक्मिणीस्वयंवर पुरे केले. ते इतके लोकप्रिय झाले की उपवर मुलींनी त्याचे पारायण करावे, अशी रीत पडली आणि अजूनही काही घरांत ती चालते. सामराजाने पुढे रुक्मिणीहरण लिहिले. एकाच मांडवाखाली वऱ्हाडी वाढतच गेले.

दुसऱ्याच्या कथेत लिहिताना मर्यादा कुठे, हेही एकनाथांकडूनच शिकावे. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि शेवटी बजावून ठेवले की, या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. कथेवर आपला नवा ग्रंथ खुशाल रचा, पण दुसऱ्याच्या ग्रंथाच्या पोटात शिरून आपले त्याचे म्हणून खपवू नका. आणि त्याच एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापाशी थांबले, तेव्हा त्यांचा शिष्य गावबा याने ते पुढे नेऊन तडीस लावले. गुरूच्या घरी पुरणपोळीच्या लोभाने राहिलेला हा मुलगा, असे परंपरा त्याच्याविषयी सांगते. ऐकणाऱ्यातून लिहिणारा असा तयार होतो.

बारामतीच्या मोरोपंतांनी तर एका रामाची एकशे आठ रामायणे केल्याचे सांगतात. त्यांतले एक ओष्ठ्य वर्णांवाचूनचे आहे, म्हणजे ते म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. तेच ते का लिहिता, असे त्यांना कोणी विचारले नसेल. कारण ते पुराण सांगत आणि समोर माणसे ऐकायला बसत.

अगदी अलीकडचे पाहा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत याप्रमाणे गीतरामायण सुरू झाले आणि छप्पन्न गीतांनी पुरे झाले. कवी माडगूळकर, गायक-संगीतकार सुधीर फडके आणि ही कल्पना काढणारे सीताकांत लाड, असे हे मंडळ होते. आणि दर आठवड्याला रेडिओभोवती जमणारी घरे हे त्याचे श्रोते. तेच माडगूळकर १९७३ साली आमच्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. व्यासांच्या अंगणातच या मोठ्या कादंबऱ्या उभ्या आहेत. त्यांना आपण उसन्या म्हणत नाही. ज्ञानपीठ देतो, घरोघर ठेवतो. नववीतल्या मुलीच्या वहीला मात्र आपण रद्दीत घालतो.

*

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मुलीच्या घरी गेलो. आता ती तालुक्याच्या कॉलेजात जाते. अंगणात पऱ्हाटीतून वेचून आणलेल्या कापसाचा ढीग पडला होता आणि तिची आई गाठोडी बांधत होती. मी वहीबद्दलची सगळी हकिकत सांगितली आणि चूक माझी, असे म्हणालो. मुलगी काही बोलली नाही. तिची आई म्हणाली, "सर, चहा घ्या." थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "मले वाटलंच होतं."

बोलणे तिथेच संपले असते. पण शेजारची तिची वर्गमैत्रीण दारात उभी राहून ऐकत होती. शाळेत असताना प्रत्येक भाग लिहून झाला की तो तिला वाचून दाखवायचा, असा दोघींचा नेम होता, हे मला तेव्हा कळले. ती म्हणाली, "पहिली वही मले येते, सर. सारी पाठ हाय." आणि तिने सुरुवात केली. मांडवाच्या खांबांपासून ते भीष्मक राजाच्या मुंडाशापर्यंत. लिहिणारी मुलगी मधेच म्हणाली, "मी असं नोतं लिवलं." मैत्रीण म्हणाली, "असंच लिवलं होतं तू."

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही शाळेच्या एका खोलीत बसतो. या दोघी, महाभारताच्या मालिका पाहून अश्वत्थाम्याची कथा पुढे लिहू लागलेला एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मुलगा, छत्रपतींच्या एका अनामिक मावळ्यावर सातशे पाने लिहून अडकलेले निवृत्त तलाठी आणि मी. लांब लिहिणाऱ्याला दोन गोष्टी खातात: एक, इतके कोण वाचणार ही शंका, आणि दुसरी, मधल्या पानांतला कंटाळा. या दोन्हींवर माझ्या माहितीत औषध एकच आहे, ‘पुढे काय?’ असे विचारणारा माणूस. नियम आम्ही रिद्धपुराकडून घेतले. आधी पूर्ण ऐकायचे. चांगले ते चांगले म्हणायचे, मग उणे सांगायचे. कथा कोणाची ते पहिल्या पानावर लिहायचे आणि खाली आपले नाव लिहायचे. प्रत्येक वहीची दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची. हा शेवटचा नियम माझ्यामुळे झाला, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही.

पहिली वही पुन्हा लिहून झाली आहे. गेल्या रविवारी त्या मुलीने पाचवीतला भाग वाचला. कुंडिनपुरात पहाट झाली आहे. रुक्मी परतणार नाही, ही बातमी वेशीपर्यंत आली आहे. राणी मांडवात एकटी उभी आहे. लेक गेली आणि लेकही गेला. मांडव सोडायला आलेली माणसे तिच्या तोंडाकडे पाहत आहेत. इथे मुलीने वही मिटली.

तलाठीबुवांनी विचारले, "मग? सोडते का मांडव?"

"ते अजून लिवलं नाही," ती म्हणाली.

पुढची बैठक दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास आहे.